मुंबईहून स्वालबार्डला जाताना ऑस्लोत अडीच तास पुरतील का?

जुलैत वडिलांना घेऊन उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जायचंय, मुंबई ते ऑस्लो एक तिकीट आणि पुढे तिथल्या मुख्य गावाचं, लाँगइअरब्येनचं वेगळं, स्वस्त पडतं म्हणून, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर हे करू नका. तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर येत नाही. ऑस्लोत उतरून इमिग्रेशनची रांग, सामान घेणं, पुन्हा चेक-इन, पुन्हा पासपोर्ट तपासणी... वडिलांना घेऊन अडीच तासांत हे सगळं धावतपळत होईल. जाताना ऑस्लोत एक रात्र मुक्काम ठेवाच.

पण तिकिटांच्याही आधी व्हिसा बघा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, मात्र विमानं नॉर्वेतूनच जातात. म्हणजे ऑस्लोत उतरलात की शेंगेनमध्ये पहिला प्रवेश, लाँगइअरब्येनचं विमान धरलंत की बाहेर, आणि परतताना दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. अर्जात किमान दोन प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उशीर नको.

पासपोर्ट हातात पडला की तिथेच उभ्या उभ्या स्टिकर वाचा. माझ्या व्हिसावर प्रवेशांची संख्या ०२ होती, बायकोच्या ०१. दोघांचे अर्ज एकत्र, पत्रही एकच! घरी आल्यावर लक्षात आलं. दुरुस्त होऊन पासपोर्ट आला तेव्हा निघायला चार दिवस उरले होते. त्या दोन आठवड्यांत आम्ही दोघंही धड झोपलो नाही.

आता विमानं. आखणी शेवटच्या टोकापासून करा. ऑस्लोहून एसएएस आणि नॉर्वेजियन या कंपन्यांची विमानं जातात, थेट विमानाला साधारण तीन तास. काही विमानं उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला थांबतात. जुलैत गर्दी असते आणि गावात खोल्या मोजक्याच, म्हणून आधी हा टप्पा आणि खोली पक्की करा, मग दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे मुंबई-ऑस्लो जुळवा.

परतीलाही ऑस्लोत एक रात्र ठेवा, आणि ही जास्त महत्त्वाची. लाँगइअरब्येनची धावपट्टी समुद्राला लागून आहे, उन्हाळ्यात धुकं अचानक येतं. आमचं विमान ते निवळेपर्यंत उडालंच नाही. सकाळचं विमान संध्याकाळी सुटलं, ऑस्लोत पोचलो तेव्हा रात्र झाली होती. मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं म्हणून निभावलं. याच कारणासाठी बोटीची सफर शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका.

विमा घेताना स्वालबार्डचं नाव त्यात येतं का आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, हे विचारून घ्या. लाँगइअरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला ट्रोम्सोला हलवतात. सत्तरीतल्या वडिलांसाठी यात काटकसर नको.

वडील भूगोलाचे शिक्षक होते म्हणालात, तर बोटीची सफर न्यू-ओलेसुंडला, स्वालबार्डमधल्या संशोधकांच्या वस्तीला, जाणारी मिळते का बघा. आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतो. आत जाता येईल असं धरून चालू नका, पण बाहेरून पाहूनही त्यांना फार आनंद होईल.

आणि विमान मध्यरात्रीनंतर उतरणारं मिळालं तरी काळजी नको. नियमित विमानांच्या वेळेला विमानतळाबाहेर बस उभी असते, गाव पाचेक किलोमीटरवर आहे, आणि जुलैत त्या वेळीही लख्ख उजेड असतो. वडिलांसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी मात्र हातातल्या बॅगेत ठेवा.