घोडी लंगडते हे कुणाला सांगशील?

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितोस, "मामा, घोडीला वैरण मी घालतो, मालिश मी करतो, सरावाला मी पळवतो. मग अठराच्या आतला आहे म्हणून पैज लावायची नाही, हे कसं? सुप्रीम कोर्टानंच शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय."

म्हटलंय खरं, १९९६ साली, मद्रास रेस क्लबच्या खटल्यात. घोड्याची पैदास, जॉकी, आधीची कामगिरी बघून माणूस पैसे लावतो, नुसत्या नशिबावर नाही, असं कोर्टाचं म्हणणं. पण ते परवान्याच्या रेसकोर्सबद्दल. आपल्या कर्नाटकात तशी रेसकोर्स बंगळूरला आणि म्हैसूरला. निपाणी-चिकोडीकडं जत्रेच्या माळावर वहीत आकडे लिहून घेणाऱ्याला त्या निकालाचा आधार नाही.

आणि रेसकोर्सवर तरी काय होतं? टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज लावायच्या खिडकीत सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात. त्यातनं कर आणि क्लबचा वाटा आधी निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. धर, शंभर जणांनी शंभर-शंभर लावले आणि वीस टक्के कापले. दहा हजारातले आठच वाटायला उरले. घोडा सुटायच्या आधीच सगळे मिळून दोन हजारानं बुडाले की. तुझी पारख नुसती चांगली असून भागत नाही, ही कापणी भरून निघेल इतकी ती बाकीच्यांहून सरस लागते.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, हेही ध्यानात घे. अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य, म्हणजे तू उसने घेतलेस तरी तो करार कोर्टात टिकत नाही, हे १९०३ सालीच मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ठरवलंय. सीमा ओलांडून महाराष्ट्रात कागलकडं गेलास तरी सज्ञान व्हायचं वय अठराच. पण माळावर उसने देणारा कोर्टात जातच नाही. तो घरी येतो.

हे मी सोसलंय. तुझ्याच वयाचा होतो. आई निपाणीत घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, भिजवून कापलेली पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याची गाठ. वळलेल्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडायच्या, त्यांचे पैसे नाहीत. तिच्या आठवड्याची मजुरी डब्यात होती. ती मी घोडागाडीवर लावली. गेली. ती परत मिळवायची म्हणून एकाकडून उसने घेऊन पुन्हा लावले. तेही गेले. तो माणूस तीन आठवडे आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि मला नाही, आईला विचारायचा, "कधी देताय?" आई मला एका शब्दानं बोलली नाही. रात्री दिव्याची वात वर करून आणखी दोनशे वळायची. तिची बोटं अजून डोळ्यापुढं येतात.

म्हणून मला विचारशील तर अठराच्या आतल्याला कुठंच पैज लावू देऊ नये, रेसकोर्सवर नाही आणि माळावरही नाही. बापानं पोराच्या हातानं नोट दिली तरीही नाही. "पोराचा हात लकी आहे" म्हणणारे बाप मी बघितलेत. त्या पोराला त्या दिवशी काय शिकवलं जातं, याचा विचार कुणी करत नाही.

पण तुझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तूच लिहिली आहेस. मागच्या शर्यतीच्या सकाळी घोडी पुढच्या उजव्या पायावर भार देईना. तुला ते दिसलं, तू मालकांना सांगितलंस, त्यांनी गाडी शर्यतीतनं काढून घेतली. आता मला सांग, तिच्यावर तुझे पाचशे लागले असते, तर सांगितलं असतंस? की "एवढी शर्यत पळेल" म्हणून गप्प बसला असतास? आणि पैसे दुसऱ्या गाडीवर असते तर? मला उत्तर पत्रात नको. तिला चोळताना स्वतःशीच दे.

नालबंदाला दाखवलंस का? खिळा आत बसला असेल तर टाप गरम लागते. दोन्ही पायांना हात लावून ताडून बघ. नाल काढायची घाई तू करू नकोस. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, आल्यावर मिळून बघू.

तुझा,
मामा