वाचकांचे प्रश्न : हंगामापूर्वीचे शिबिर आणि ५३ जणांची यादी

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे येथे राहतो. गेल्या वर्षी जुलैअखेरीस आम्ही उभयता त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याने आम्हांला तेथील ‘ग्रीन बे पॅकर्स’ या व्यावसायिक फुटबॉल संघाचा सराव पाहायला नेले. धिप्पाड खेळाडू लहान मुलांच्या सायकलींवर बसून मैदानाकडे निघाले होते आणि ती मुले त्यांची हेल्मेटे छातीशी धरून शेजारून धावत होती, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. यंदा आम्ही गावीच आहोत. मुलगा रोज फोनवर शिबिराची हकिकत सांगतो. पहिला सराव सामना संघ हरला म्हणून मी हळहळलो, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, त्या निकालाला काही अर्थ नसतो.” मग अर्थ कशाला असतो?
— एक निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. २००८ साली डेट्रॉइट लायन्स या संघाने हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि नंतर मुख्य हंगामातील सोळाच्या सोळा सामने गमावले. २०१७ साली क्लीव्हलँड ब्राउन्स संघाच्या बाबतीत नेमके हेच घडले. याचे कारण असे की या सामन्यांत प्रशिक्षकाला जिंकायचे नसते, त्याला माणसे पारखायची असतात. आघाडीचे खेळाडू थोडा वेळ खेळतात किंवा मैदानात उतरतच नाहीत, आणि खऱ्या हंगामासाठी राखलेले डावपेच प्रतिस्पर्ध्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून झाकून ठेवले जातात. समोरचा संघही तेच करीत असल्यामुळे फलकावरील गुण म्हणजे दोन अपुऱ्या संघांची बेरीज-वजाबाकी असते. पूर्वी असे चार सामने होत. २०२१ पासून मुख्य हंगाम सतरा सामन्यांचा झाला आणि हे सामने तीनवर आले.

इतर वाचकांसाठी येथे सांगितले पाहिजे की हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचा किंवा फेकायचा असतो, आणि बाकीचे खेळाडू कबड्डीतल्यासारखी पकड करून पळणाऱ्याला जमिनीवर आणतात. आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी, आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी उतरणारी तिसरी तुकडी वेगळी असते. म्हणूनच संघात एवढी माणसे लागतात.

शिबिराचा खरा अर्थ दोन आकड्यांत आहे. जुलैच्या अखेरीस शिबिर सुरू होते तेव्हा संघात ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडच्या पोळ्याच्या आगेमागे, त्यांतील ५३ उरतात. एका संघातून ३७ जण जातात. या स्पर्धेत संघ ३२ आहेत, त्यामुळे मुदतीच्या त्या एका दिवसापर्यंत अकराशेहून अधिक तरुण आपापल्या संघाच्या यादीबाहेर पडतात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आपल्या तालुक्यात आपण पाहतच असाल. मैदानी चाचणी झाल्यावर अंतिम यादी लागेपर्यंत त्या घरांत जे वातावरण असते, ते या शिबिरात पाच आठवडे असते. आपल्याला आठवणाऱ्या त्या सायकलींवर बसलेल्यांपैकी कित्येक जण महिन्याभराने त्या संघात नसतील, ही गोष्ट ध्यानात घेतली की रोजच्या हकिकतीला वजन येते.

तेव्हा मुलाला संघ जिंकला की हरला हे विचारू नये. कोण कोणाबरोबर उभा राहिला हे विचारावे. पहिल्या काही दिवसांत खेळाडूंच्या अंगावर खांद्याची आणि छातीची संरक्षक पॅड्स नसतात, त्यामुळे धडक नसते. त्या दिवसांत चपळ, हलक्या पायाच्या खेळाडूंचे फार कौतुक होते आणि ते बहुतेक वेळा फसवे ठरते, कारण अंगाला अंग भिडल्यावर तो काय करतो हे अद्याप कोणी पाहिलेलेच नसते. पॅड्स अंगावर चढली की पारख सुरू होते. सर्वांत पुढच्या रांगेतील अवजड खेळाडू एकास एक असे झुंजतात, तो सराव मी सर्वांत मोलाचा मानतो, कारण तेथे लपायला जागा नसते. लाल जर्सीतला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मात्र धडकेपासून मुक्त असतो. त्याला सरावात कोणी हात लावायचा नसतो. त्यामुळे त्याने सरावात किती फेकी अचूक केल्या याची रोजची मोजदाद वार्ताहर करतात, तिच्यावर मी फारसा विश्वास ठेवीत नाही.

यानंतर लक्ष द्यावे ते पहिल्या फळीत होणाऱ्या बदलांकडे. काल दुसऱ्या फळीबरोबर सराव करणारा खेळाडू आज पहिल्या फळीत उभा राहिला, तर प्रशिक्षकाने न बोलता काही सांगितले आहे असे समजावे. कोणी जखमी झाला की त्याच्या मागे उभ्या असलेल्याची संधी उघडते. ती बातमी एका घरात दुःखाची असते आणि दुसऱ्या घरात श्वास रोखून ऐकली जाते. ५३ पैकी बहुतेक जागा शिबिरापूर्वीच जवळपास ठरलेल्या असतात, आणि खरी झुंज शेवटच्या आठ-दहा जागांसाठी असते. त्या जागा पुष्कळदा चेंडू लाथाडण्याच्या वेळी उतरणाऱ्या तिसऱ्या तुकडीतील कामगिरीवर ठरतात. म्हणून सराव सामना पाहायचा असेल तर त्याचा उत्तरार्ध पाहावा. त्या वेळी मैदानावर ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत अशी मुले असतात आणि त्यांच्यासाठी तो प्रत्येक क्षण मुलाखतीचा असतो. खेळाडूंची संख्या मोठी असल्यामुळे शिबिरात आक्रमणातील एका आणि बचावातील एका खेळाडूला एकच क्रमांक दिलेला आढळतो, तेव्हा क्रमांकावरून ओळखताना गफलत होऊ देऊ नये.

वेळेचा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात ग्रीन बे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तेथील सकाळी साडेदहाचा सराव आपल्याकडे रात्री नऊला सुरू होतो आणि संध्याकाळी सातचा सामना दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला.

कपात झालेल्यांचे पुढे काय होते, हेही विचारात घ्यावे. त्यांतील बहुतेक तरुण खेळाडूंना दुसरा संघ सुमारे एका दिवसाच्या आत उचलू शकतो. कोणी उचलले नाही तर मूळ संघ त्यांतील काहींना आपल्या सराव पथकात ठेवतो. या पथकात साधारण १६ जणांना जागा असते. ही एक प्रकारची प्रतीक्षा यादीच, फरक एवढाच की तिच्यातील खेळाडूला वेतन मिळते आणि तो रोज संघाबरोबर सराव करतो. १९९४ साली याच ग्रीन बेच्या शिबिरातून कर्ट वॉर्नर नावाच्या एका क्वार्टरबॅकला वगळण्यात आले होते. त्या वेळी संघात ब्रेट फाव्हर धरून तीन क्वार्टरबॅक होते आणि चौथ्याला जागा नव्हती. वॉर्नर आयोवा राज्यात एका किराणा दुकानात रात्रपाळीला फडताळांवर माल लावू लागला. जानेवारी २००० मध्ये त्याने सेंट लुईस रॅम्स संघाला सुपर बोल, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकून दिले आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अशी उदाहरणे विरळ असतात, हे मी आवर्जून सांगतो. वगळलेल्यांपैकी पुष्कळांचा खेळ तेथेच थांबतो. तरीही यादी लागल्यावर मुलाला वगळलेल्यांची नावेही वाचून दाखवायला सांगावे.

प्रश्न : आमच्या भागातील एका सहकारी सूतगिरणीचे भाग माझ्या वडिलांनी घेतले होते, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. ग्रीन बेचा संघ गावकऱ्यांच्या मालकीचा आहे असे ऐकले. ते खरे आहे काय, आणि आपल्याला भाग घेता येतील काय?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : खरे आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संघाला गणवेशासाठी पैसे दिले ते इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने, आणि त्यावरूनच ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२३ मध्ये संघ आर्थिक अडचणीत असताना लोकांना भाग विकण्यात आले. त्यानंतर १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ या वर्षी पुन्हा विक्री झाली. आज भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे, तर ग्रीन बे शहराची लोकसंख्या साधारण एक लाख आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत, आणि एका व्यक्तीला दोन लाखांपेक्षा जास्त भाग ठेवता येत नाहीत. मत देण्याचा हक्क मात्र असतो. वार्षिक सभा जुलैमध्ये, शिबिराच्या तोंडावर, लॅम्बो फील्ड या स्टेडियममध्ये भरते, आणि तेथे हजारो भागधारक येतात. फायद्याची अपेक्षा न ठेवता एवढी माणसे एका संघाची मालकी सांभाळतात, याचे मला फार मोल वाटते. शिबिरातील सरावाला कुंपणाशी गर्दी होते तिच्यात ‘आपले’पणा आहे तो यातूनच आलेला आहे. विक्री केवळ संचालक मंडळ ठरवील तेव्हाच होते, त्यामुळे “पॅकर्सचे शेअर मिळवून देतो” असे सांगत कोणी फोन केला तर पैसे देऊ नयेत.

प्रश्न : मी गावातील मुलामुलींना कबड्डी शिकवते. स्पर्धांपूर्वीचा आमचा सराव जून-जुलैमध्ये होतो. घामाने मुले निथळतात, आणि जुनी जाणती माणसे सांगतात की सराव चालू असताना पाणी प्यायचे नाही, त्याने दम तुटतो. अमेरिकेतील शिबिरेही उन्हाळ्यातच होतात. तेथे काय करतात?
— एक क्रीडा शिक्षिका, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, आपला प्रश्न या अंकातील सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी तोडण्याची ही समजूत तेथेही होती, आणि ती चुकीची आहे. २००१ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या शिबिरात कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि १ ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या शरीराचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटच्या वर गेले होते. तो नवशिका नव्हता, नावाजलेला खेळाडू होता. त्यानंतर तेथील सरावाची पद्धत पालटत गेली. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारानुसार एका दिवसात पॅड्स घालून दोनदा सराव घेणे बंद झाले, आणि आता शिबिराचे पहिले काही दिवस शरीराला सवय लावण्यासाठीच राखून ठेवलेले असतात.

उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि हृदयावरचा ताण उतरतो. म्हणून सुट्टीनंतर आलेल्या मुलांचा पहिल्या आठवड्यातील सराव निम्मा ठेवावा, दुपारचा टाळावा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत पाणी द्यावे. मे महिन्यातील कोरडे ऊन सर्वांना भितीदायक वाटते, परंतु रोवणीच्या दिवसांत, बांध्या पाण्याने भरलेल्या असताना हवेत जो दमटपणा असतो तो अधिक दगा देतो. घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही.

मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, विनाकारण चिडले किंवा कोसळले, तर तो उष्माघातच समजावा. “घाम येतो आहे, म्हणजे ऊन लागलेले नाही” हा समज येथे घातक ठरतो, कारण मेहनतीने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. खिशातील कांद्यावर विसंबून राहू नये. तेथील शिबिरांत मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. आपल्याकडे टब नसला तरी धानावर झाकायची ताडपत्री प्रत्येक घरी असते. मुलाला तिच्यात निजवून चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, आत विहिरीचे किंवा बोअरचे गार पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा, आणि पाणी सतत हलवत राहायचे. डोके मात्र पाण्याबाहेर उचलून धरायचे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, परंतु ती येईपर्यंत थंड करणे थांबवू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासातच तापमान उतरणे आवश्यक असते. ताडपत्री, बादल्या आणि भरलेला पाण्याचा ड्रम सराव सुरू होण्यापूर्वीच मैदानाच्या कडेला आणून ठेवावा, आणि कडा कोणी धरायच्या हे मोठ्या मुलांना एकदा करून दाखवावे.