एकाच साच्यातली घरं

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला गेले होते. तिथल्या लेव्हिटाउनची जुनी घरं इतकी सारखी कशी?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, पण राहायला जागा नव्हती. १९४७ ते १९५१ मध्ये तिथल्या बटाट्याच्या शेतांत १७,००० हून अधिक घरं उठली. कामाचे २७ टप्पे पाडलेले. एक टोळी फक्त लाल रंग देई, दुसरी फक्त पांढरा. तळघर नाही, काँक्रीटच्या जोत्यावर ७५० चौरस फुटांचं घर. करारात मात्र कृष्णवर्णीयांना मज्जाव! हे मला फार टोचतं.

माझं बालपण गोखलेनगरात, पानशेत पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलं. दारं सगळी सारखीच. आईने चौकटीला घोड्याची नाल ठोकली होती. अंधारात ती चाचपून मी घर ओळखायचो.