छोट्या गेमिंग लॅपटॉपवर व्हिडिओ संकलन: सुरुवातीला एवढेच पाहा

१४ इंची गेमिंग लॅपटॉपवर व्हिडिओ संकलन जमेल का, की नवा घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. तुमचा लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे, तेव्हा नवीन खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. अशा यंत्रात बहुधा दोन ग्राफिक्स (चित्र हाताळणारे भाग) असतात, एक प्रोसेसरमधले आणि दुसरे स्वतंत्र कार्डाचे. आपले सॉफ्टवेअर त्यांपैकी कोणते वापरते आहे, हे न तपासणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते.

- विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात त्या सॉफ्टवेअरसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. प्रीमिअर प्रो हे संकलनाचे सॉफ्टवेअर आणि एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर (चित्र तयार करणारा भाग) ‘कुडा’वर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून काम करून घेणाऱ्या पर्यायावर, असावा.
- चार्जर जोडूनच काम करा, कारण बॅटरीवर कार्डाचा वेग बराच उतरतो.
- लॅपटॉप गादीवर ठेवू नका. लहान देहात उष्णता लवकर साठते आणि यंत्र स्वतःच वेग कमी करते. मागची बाजू थोडी उचलली तरी फरक पडतो.

यानंतरही टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडण्याची पट्टी) अडखळत असेल, तर कार्डाला दोष देण्याची घाई करू नका (मी स्वतः कित्येक दिवस तेच केले होते). मोबाइलचे ४के चित्रण अनेकदा एच.२६५ या फाइल लहान ठेवणाऱ्या स्वरूपात असते आणि त्यातील बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमांवर अवलंबून असल्याने मागेपुढे सरकताना यंत्राला बरेच काम पडते. अशा वेळी १०८० पिक्सेलच्या प्रॉक्सी फाइल (मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती) तयार करून त्यांवर संकलन करावे. अंतिम एक्स्पोर्ट मूळ चित्रणातूनच होते. रंगसंस्करण आणि १०-बिटचे (रंगांच्या अधिक छटा साठवणाऱ्या चित्रणाचे) प्रश्न पहिले दोन-तीन व्हिडिओ पूर्ण झाल्यावर पाहू.