जुगाराचा सिनेमा हवा, पण शकुनी नसलेला

ताई, भाचा मोबाइलवरच्या क्रिकेटच्या सट्ट्यात रुतलाय, त्याच्याशेजारी बसून बघता येईल असा जुगारावरचा सिनेमा हवाय आणि प्रवचन नकोय, असं तुम्ही विचारलंत. तीस-पस्तीस वर्षं सिनेमे बघतोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

आपले हिंदी सिनेमे या कामाचे नाहीत. ‘बाजी’ (१९५१) मी आजही रात्री लागला तर पूर्ण बघतो, पण त्यात देव आनंद पत्ते पिसतो ते आजारी बहिणीसाठी. म्हणजे माफी आधीच तयार. ‘जन्नत’मध्ये (२००८) इम्रान हाश्मी सट्ट्यावर वर चढतो आणि शेवटी पोलिसांच्या गोळीनं मरतो. भाचा लगेच म्हणेल, गोळी लागली नसती तर?

खोड महाभारतापासूनची आहे. धर्मराज हरला की दोष शकुनीच्या फाशांचा. म्हणून आपल्या पडद्यावर बाहीतून पत्ता काढणारा कुणीतरी लागतोच. खऱ्या धंद्यात त्याची गरजच नसते. मटक्यात दहा आकडे, लागला तर नऊपट. रुलेटच्या फिरत्या चकतीला ३७ खाने, लागल्यावर मिळतात एकाला पस्तीस. सगळं तुमच्या डोळ्यांदेखत, आणि तरीही रोज थोडं थोडं धंदेवाल्यांकडेच सरकत राहतं.

माझा काका जत्रेतल्या झुगारात, म्हणजे जुगारात, बुडाला. देवळासमोर नाटक रंगात यायचं आणि मागच्या बाजूला पट मांडलेले असायचे. एकदा दुसऱ्या अंकानंतर आजीनं मला त्याला बोलवायला पिटाळलं. गेलो तर काका जिंकत होता. सदऱ्याचा खिसा नोटांनी फुगलेला, कपाळावर घाम, आणि माझ्याकडे न बघताच, “तू हो पुढं, हा एक डाव झाला की आलोच.” उजाडल्यावर आला तेव्हा मनगटावर घड्याळ नव्हतं. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, पटवाल्यानं फसवलं माझ्या पोराला. काका मात्र तसं कधीच म्हणाला नाही.

हे कळलेला सिनेमा म्हणजे हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘कसिनो’ (१९९५). मारामारी आणि बायकोची भांडणं बरीच आहेत, ती सोसा. त्यातला जपानी गिऱ्हाईक बघा. मोठी रक्कम जिंकून निघालेला असतो. कॅसिनोवाले त्याचं विमान अडवतात, पुन्हा खोली देतात, खेळायला बसवतात, आणि तो सगळं घालवून बसतो. कुणी पत्ता बदलत नाही, नुसता त्याला थांबवून घेतात. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर तिकिटातच जेवण-दारू का असते, ते त्या पाच मिनिटांत समजतं. गोंयकारांना त्या बोटींवर २०२० पासून बंदी आहे, पण भाच्याच्या मोबाइलला कुठं जेट्टी लागते!

‘अनकट जेम्स’ (२०१९) सध्या नको. सिनेमा जबरदस्त, पण बघताना नाडी अशी उडते की खेळणाऱ्याला ती मजाच वाटायची. रॉबर्ट ऑल्टमनचा ‘कॅलिफोर्निया स्प्लिट’ (१९७४) नंतर कधीतरी दाखवा. त्यात नायक शेवटी भरपूर जिंकतो आणि त्याला काहीच वाटत नाही. मला तो काकाच्या फुगलेल्या खिशाएवढाच भयंकर वाटतो.

सुरुवात ‘ओनिंग माहोनी’नं (२००३) करा. टोरोंटोतल्या एका बँक अधिकाऱ्याच्या खऱ्या प्रकरणावर बेतलाय. त्यानं १९८०-८२च्या सुमारास एक कोटीहून जास्त डॉलर बँकेतून काढून जुगारात घातले होते. फिलिप सेमूर हॉफमननं तो केलाय: जुनाट गाडी, बेताचे कपडे, ऐश शून्य. कॅसिनोवाले हवं ते पुढ्यात ठेवायला तयार, आणि हा साधं खाणं नि कोक मागवून पुन्हा टेबलाशी. पैसा त्याला खर्चायचाच नसतो. बसून राहायला मिळावं एवढ्यासाठी तो हवा असतो.

शेवटाकडे मानसतज्ज्ञ त्याला विचारतो, जुगारातली धुंदी शंभरपैकी किती? तो म्हणतो, शंभर. आणि जुगार सोडून आयुष्यातली सगळ्यात मोठी धुंदी? वीस. मग उरलेलं आयुष्य विसावर काढायचं कसं, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. तिथं आलात की भाच्याच्या तोंडाकडे बघू नका. तुम्हीही पडद्याकडेच बघा.