वाचकांचे प्रश्न : प्राण्यांची जोडी आणि मेंदूतली रसायनं

प्रश्न : ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं रसायन’ म्हणतात. मग ते टोचलं, तर कुठलाही प्राणी एकाच जोडीदाराशी राहील का?

उत्तर : नाही. एक तर रक्तात टोचलेलं ऑक्सिटोसिन मेंदूत जेमतेम पोचतं. प्रयोगात ते बहुधा थेट मेंदूतच सोडावं लागतं. पण खरी अडचण पुढे आहे : ते पकडणारे पेशींवरचे रिसेप्टर (ग्राही रेणू) योग्य जागी नसतील, तर तिथे पोचूनही उपयोग नाही.

उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा, आखूड शेपटीचा प्राणी जोडी करून राहतो. त्याचा भाऊबंद मेडो व्होल समागम उरकला की आपल्या वाटेनं जातो. ऑक्सिटोसिन आणि त्याच्यासारखंच दुसरं संप्रेरक व्हॅसोप्रेसिन दोघांकडेही आहे. प्रेअरी व्होलमध्ये मात्र ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर मेंदूतल्या न्यूक्लियस ॲक्युम्बन्स या भागात आणि व्हॅसोप्रेसिनचे व्हेंट्रल पॅलिडम या भागात दाटीनं असतात. मादीची जोडी जमण्यात पहिली जागा महत्त्वाची, नरात दुसरी. दोन्ही जागा डोपामिन या रसायनावर चालणाऱ्या, सुखाशी निगडित बक्षीस-यंत्रणेतल्या असल्यानं समागमाचं सुख त्या एका जोडीदाराच्या वासाशी जोडलं जातं. २००४ मध्ये संशोधकांनी विषाणूमार्फत व्हॅसोप्रेसिन-रिसेप्टरचा जनुक मेडो व्होल नरांच्या व्हेंट्रल पॅलिडममध्ये घातला, तेव्हा तेही आपल्या मादीला बिलगून बसू लागले.

तरी ‘एक रिसेप्टर, एक वर्तन’ असा हिशेब मांडू नका. प्रौढ मादीत औषधानं ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर रोखला की जोडी जमत नाही. पण जनुक-संपादन करून तो जन्मापासूनच काढून टाकलेल्या प्रेअरी व्होलनी जोड्या जमवल्या, असं २०२३ मध्ये दिसलं. वाढत्या मेंदूनं दुसरी वाट शोधली असावी.

प्रश्न : ‘जोडी जमली’ हे प्रयोगशाळेत ठरवतात कसं?

उत्तर : नर-मादीला साधारण २४ तास एकत्र ठेवतात. मग नळ्यांनी जोडलेले तीन कप्पे घेतात. एकात जोडीदार, दुसऱ्यात अनोळखी प्राणी (दोघंही सैल दोरीनं बांधलेले), मधला रिकामा. ज्याची पसंती तपासायची त्या प्राण्याला मोकळं सोडून तीन तास चित्रीकरण करायचं. यात नेहमी चुकतं ते मोजमाप. नुसता कप्प्यातला वेळ मोजला, तर अनोळखी प्राण्याला हुंगण्यात गेलेला वेळही पसंती म्हणून धरला जातो. अंगाला अंग लावून बसण्याचा वेळ मोजायला हवा. शिवाय अनोळखी प्राणी वयानं आणि प्रजनन-अवस्थेनं जोडीदाराच्या बरोबरीचा नसेल, तर तुलनाच फसते.

प्रश्न : टेस्टोस्टेरॉन दिलं, की पक्षी ऋतू नसतानाही गातील का?

उत्तर : पक्षी कोणता, यावर अवलंबून आहे. एरवी दिवस मोठा होऊ लागला की कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या खोलवरच्या प्रकाशग्राही पेशी टिपतात, हायपोथॅलॅमसमध्ये सक्रिय थायरॉइड संप्रेरक वाढतं, वृषणं फुगतात आणि टेस्टोस्टेरॉन चढतं. पुढचा टप्पा पुष्कळदा विसरला जातो : मेंदूतलं अरोमाटेज हे विकर त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन गटातलं संप्रेरक करतं. वृषणं काढलेल्या जपानी लाव्याच्या नराला टेस्टोस्टेरॉन दिलं की तो पुन्हा मादीवर चढू लागतो. सोबत अरोमाटेज रोखणारं औषध दिलं, तर रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही थंडच राहतो.

गाण्यासाठी तर मेंदूत गाण्याची जोडणीही लागते. कॅनरीची मादी सहसा फारशी गात नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर काही आठवड्यांत तिची गायन-केंद्रं वाढतात आणि ती नरासारखी गाऊ लागते. प्रौढ झेब्रा फिंच मादीला तेच दिलं, तरी ती गात नाही : तिची गायन-केंद्रं पिल्लूपणीच खुरटलेली असतात.