वाचकांचे प्रश्न: १६ दिवस नदीवर, आणि टॉयलेटचं काय?

प्रश्न: दादा, माझा मामेभाऊ फिनिक्सला असतो. त्याला ग्रँड कॅन्यनच्या लॉटरीत पुढच्या जूनचं राफ्टिंग परमिट लागलंय. १६ दिवस, १६ माणसं, कंपनीचा गाइड नाही. मला ये म्हणतोय. मी कोलाडला कुंडलिकेत तीनदा राफ्टिंग केलंय, पोहता येतं. आई म्हणते वेड लागलंय. जाऊ का? आणि लाजत विचारतो, एवढे दिवस टॉयलेटचं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी भावाचं अभिनंदन, ती लॉटरी दर फेब्रुवारीत पुढच्या वर्षासाठी निघते आणि लोक वर्षानुवर्षं अर्ज भरत बसतात. तू आजच व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या मागे लाग, बाकी सगळं नंतर.

कुंडलिकेचा अनुभव कामाचा आहे, पण तुला वाटतंय त्या कारणासाठी नाही. कोलाडला आपण भल्या सकाळी का जमतो? वर वीज तयार झाली की पाणी सोडतात, ते आलं की नदी, गेलं की गोटे. ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीचंही तेच, वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, विजेची मागणी वाढली की पाणी जास्त, उतरली की कमी, फक्त ते पाणी खाली पोचायला तासन् तास लागतात, त्यामुळे प्रत्येक मुक्कामावर पाणी चढायची वेळ वेगळी. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या रात्री पाणी भरलेलं असताना बोटी काठाला घट्ट ओढून बांधल्या आणि खुशाल झोपलो. सकाळी बघतो तर पाणी पंधरा पावलं मागे आणि आमची बोट वाळूत म्हशीसारखी बसलेली, वर आइसबॉक्स, गॅस सिलेंडर, सगळा संसार. सगळं उतरवलं, ढकललं, पुन्हा भरलं, नऊ वाजले आणि तोवर दोघांचं भांडण झालेलं.

तर सांगायचं काय, रॅपिडची, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याची, भीती घेऊन बसू नकोस. बोटी पाण्यात घालतात ती लीज फेरी ते बाहेर काढतात ते डायमंड क्रीक २२६ मैल, म्हणजे ३६० किलोमीटरच्या वर, त्यात बहुतेक नदी संथ आहे आणि दुपारी समोरून असा वारा सुटतो की बोट मागे जाते. मोठे रॅपिड आहेतच, हान्स, क्रिस्टल, आणि १७९ व्या मैलावरचा लाव्हा फॉल्स, तिथे आधी उतरून काठावरून नीट बघतात मग बोट घालतात. पण कोलाडसारखं सगळ्यांनी पॅडल मारायचं नसतं, मोठ्या बोटीत एकटा माणूस मधे बसून दोन लांब वल्ही चालवतो, बाकीचे घट्ट धरून बसतात. म्हणून भावाला एकच विचार, वल्ही कोण धरणार आणि त्यातल्या कितीजणांनी ही नदी आधी केलीय? एकानेही केली नसेल तर मी तरी जाणार नाही.

पोहता येतं म्हणतोस, बरं आहे, पण तिथलं पाणी धरणाच्या खोलातून येतं. वर्षानुवर्षं ते ८-१० अंशांचं असायचं, अलीकडे धरणामागचा तलाव उतरल्यावर थोडं कोमट व्हायला लागलंय, पण जूनमध्ये वर हवा ४० च्या पुढे आणि पडलास तर पहिल्या क्षणी श्वासच अडकतो. लाइफजॅकेटचा पट्टा सैल ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

आता टॉयलेट. लाजतोस कशाला, सगळ्यात शहाणा प्रश्न हाच आहे. सगळं डब्यात करून बरोबर न्यायचं, मागे काही सोडायचं नाही, हा नियमच आहे. लष्करी दारूगोळ्याचे लोखंडी डबे असतात, त्याला ग्रूव्हर म्हणतात, कारण पूर्वी वर सीट नव्हती आणि डब्याच्या कडांचे वळ (इंग्रजीत ग्रूव्ह) बुडावर उठायचे! लघवी मात्र थेट नदीत. आपल्याला उलटं शिकवलेलं असतं, पण तिथे पाऊस इतका कमी की वाळूत केलेल्याचा वास महिनोन्महिने जात नाही, आणि नदीत पाणी भरपूर. डबा लावायची-काढायची ड्यूटी पाळीपाळीने येते. ती न कुरकुरता केलीस की ग्रुपमध्ये तुझी इज्जत वाढलीच समज.

पाय फुटतात. दिवसभर ओले, मग कोरडी वाळू, चौथ्या दिवशी टाचांना चिरा. रात्री कैलास जीवन चोपडून मोजे घालून झोप, मी दोन डबे नेले होते, दुसरा अमेरिकन मंडळींनीच संपवला.

आईला सांग की फोन लागणार नाही, ग्रुपकडे सॅटेलाइट फोन घ्यायला लाव, आणि ८८ व्या मैलाजवळ दरीच्या तळाशी फँटम रँच नावाचा मुक्काम आहे, तिथे उतरून चालत दरीच्या वर येता येतं. साधारण १५ किलोमीटर आणि १३०० मीटर चढ, म्हणजे सिंहगडावर सिंहगड ठेवल्यासारखं, जूनमध्ये पहाटे अंधारातच निघायचं. मात्र मधे उतरणार असशील तर आत्ताच सांग, ऐनवेळी नको.

प्रश्न: व्हिसा, डॉलर, काही परवडत नाही. भारतात असं काही आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: लडाखमधली झंस्कार नदी. पदुम ते निमू, जुलै-ऑगस्ट, थंड वाळवंटातली घळ, काही दिवसांचा प्रवास, निमूला सिंधूत मिसळायचं. घळीतून आता रस्ता झालाय त्यामुळे पूर्वीइतकं निर्मनुष्य नाही, पण पाणी हिमनद्यांचं, गंमत नाही, गाइडशिवाय जाऊ नका. आणि लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं लोळा, साडेतीन हजार मीटरवर उड्या मारायच्या नसतात.